बेवारस औषधाचा वाली कोण?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. काटोलकडचा, बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली बी.एस्सी. झालेला. एका हातात वडिलांची फाइल, दुसऱ्या हातात पेढ्याच्या डब्याएवढं पुडकं. पुडकं टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, हे शुद्ध आहे का, तेवढं पाहून द्या जी. केमिस्ट्री तुम्हीच शिकवली, म्हणून तुमच्याकडे आलो." आत झिप लावलेली पिशवी, पिशवीत हाताला ओलसर लागणारी पांढरी पूड आणि वर चिकटवलेली चिठ्ठी: सोडियम डायक्लोरोॲसिटेट, फक्त प्रयोगशाळेतील वापरासाठी. वडिलांना तोंडाचा कॅन्सर. तीस-पस्तीस वर्षं खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खाल्लेला. आता तोंड दोन बोटंही उघडत नाही. पूड त्यानं ऑनलाइन मागवली होती आणि रोजचा डोस नागपूरच्या इतवारीतल्या ओळखीच्या सोनाराकडे मोजून घेतला होता. मिलिग्रॅम मोजणारा काटा त्याला दुसरीकडे कुठे मिळणार? एकेका दिवसाची एकेक पुडी, सराफाच्या गुलाबी कागदात बांधलेली. अशा नऊ पुड्या फाइलच्या खिशात होत्या.

त्या नऊ पुड्यांमुळे हा लेख लिहितो आहे. डायक्लोरोॲसिटेट, म्हणजे डीसीए, या रसायनाबद्दलचा एक मजकूर गेले काही महिने मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. कॅन्सरवर स्वस्त औषध सापडलं, पण कंपन्यांनी ते दाबून ठेवलं, असा त्याचा सूर. अंबाझरी तलावाच्या काठावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत त्यावरून होणारी भांडणं मी कितीदा तरी ऐकली आहेत. एक बाजू म्हणते, पेटंट नाही म्हणून नफा नाही आणि नफा नाही म्हणून औषध लपवलं. दुसऱ्या बाजूला बहुतेक डॉक्टर मंडळी. ती म्हणतात, हा निव्वळ भोंदूपणा आहे, विषयच नको. माझ्या मते दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. डीसीए कुणी दडपलेलं नाही आणि तो बुवाचा अंगाराही नाही. ते बेवारस पडलेलं रसायन आहे. त्याला मालक नाही, म्हणूनच त्याची नीट परीक्षा घेण्याची जबाबदारी सरकारी पैशावर आणि सार्वजनिक रुग्णालयांवर येते. आणि ती परीक्षा होईपर्यंत त्याची एकही पुडी सोनाराच्या काट्यावर चढता कामा नये. या दोन्ही गोष्टी मला एका दमात म्हणायच्या आहेत. त्यातली एकच उचलून कुणी पुढे पाठवली, तर ते माझं म्हणणं नव्हे.

आधी रसायन समजून घेऊ, कारण भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती तसदी घेतली आहे. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल असतं. त्याच्या रेणूत एका कार्बनला तीन हायड्रोजन चिकटलेले असतात. त्यातल्या दोघांना उठवून त्यांच्या जागी क्लोरीन बसवले की डायक्लोरोॲसिटिक आम्ल तयार होतं. तिन्ही जागी क्लोरीन बसवले तर जे आम्ल मिळतं, ते त्वचारोगतज्ज्ञ चामखीळ जाळायला वापरतात. यावरून या घराण्याचा स्वभाव कळावा. औषध म्हणून अभ्यास झाला तो डायक्लोरोॲसिटिक आम्लाच्या सोडियम क्षाराचा, खुद्द आम्लाचा नव्हे. आम्ल कातडी भाजतं. आणखी एक गोष्ट नागपूरकरांना ठाऊक असावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन घातला की पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी त्याची क्रिया होऊन हेच रसायन अत्यल्प प्रमाणात तयार होतं. मोठ्या मात्रेत ते पाजलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम अशी तात्पुरती मर्यादा सुचवली. पाण्याच्या प्रश्नावर १९५८ पासून काम करणारी 'नीरी' ही पर्यावरण संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे. त्या क्षेत्रातल्या माणसाला डीसीए म्हटलं की औषध आठवणार नाही, पाण्यात नको असलेला पदार्थच आठवेल. एका खात्यातला प्रदूषक दुसऱ्या खात्यात औषधाचा उमेदवार ठरतो, यात चमत्कारिक काही नाही. पण "साधंसुधं रसायन आहे, त्यानं काय अपाय होणार?" असं म्हणणाऱ्यानं एवढं ध्यानात घ्यावं.

मग ते उमेदवार तरी का? पेशीत साखर दोन टप्प्यांत जळते. पहिल्या टप्प्यात ग्लुकोजचे तुकडे होऊन पायरुव्हेट बनतं आणि जेमतेम दोन एटीपी, म्हणजे ऊर्जेची दोन नाणी, पदरात पडतात. मग ते पायरुव्हेट मायटोकॉन्ड्रियाच्या भट्टीत शिरतं, तिथे ऑक्सिजनच्या मदतीनं पुरतं जळतं आणि एकूण हिशेब तीसच्या घरात जातो. ओलं लाकूड चुलीत धुमसत राहावं आणि तेच वाळवून भट्टीत घातल्यावर लखलखून पेटावं, तसा हा फरक. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांना १९२० च्या दशकात दिसलं, की कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन हाताशी असतानाही साखर भट्टीपर्यंत नेत नाहीत. भट्टीच्या अलीकडेच तिचं लॅक्टिक आम्ल करून टाकतात आणि भूक भागवायला भसाभस साखर ओढतात. पेट स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसते, ती याच हावरेपणामुळे. भट्टीच्या दाराशी पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, उभं असतं आणि त्याला कुलूप लावणारं दुसरं एक विकर असतं. डीसीए त्या कुलूप लावणाऱ्यालाच अडवतं. दार उघडं राहतं, साखर आत जाते. मायटोकॉन्ड्रियाकडे आणखी एक काम असतं, बिघडलेल्या पेशीला स्वतःहून मरण्याचा हुकूम देण्याचं. दार उघडलं तर तोही हुकूम पुन्हा सुटेल, अशी आशा. चाळीस वर्षं फळ्यावर खडू झिजवलेल्या माणसाला इतकी सुबक कल्पना मोहात पाडते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. पण सुबक कल्पना आणि बरा झालेला रोगी यांच्यातलं अंतर फार मोठं असतं, आणि डीसीएचा इतिहासच त्याचा साक्षीदार आहे.

कॅन्सरशी नाव जोडलं जाण्याच्या कितीतरी आधीपासून, रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याच्या विकारांवर हे रसायन तपासलं जात होतं. फ्लोरिडातले पीटर स्टॅकपूल यांनी त्यात उभी हयात घालवली. १९९२ साली त्यांच्या गटानं अत्यवस्थ अशा २५२ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल छापला. डीसीए दिलेल्यांच्या रक्तातलं लॅक्टिक आम्ल खरोखर उतरलं. मरणाऱ्यांची संख्या मात्र उतरली नाही. कागदावरचा आकडा सुधारला आणि माणूस तिथेच राहिला. मग २००७ च्या जानेवारीत कॅनडातल्या एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठातून इव्हान्जेलोस मिकेलाकिस यांच्या गटाचा शोधनिबंध आला. माणसाच्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी टोचलेल्या उंदरांना पाण्यातून डीसीए पाजलं, तेव्हा गाठी आटल्या. जगभर मथळे झळकले. लगेच अमेरिकेत एका विक्रेत्यानं जनावरांसाठी असल्याचं दाखवून ही पूड विकायला घेतली आणि काही महिन्यांतच तिथल्या औषध प्रशासनानं ते दुकान बंद पाडलं. २०१० मध्ये मिकेलाकिस यांच्याच गटानं मेंदूत ग्लायोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर झालेल्या पाच रुग्णांचा अनुभव मांडला. काहींची प्रकृती स्थिरावली होती, पण त्याच रुग्णांवर शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि नेहमीचं औषधही झालेलं, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. श्रेय कुणाला द्यायचं? २०१४ मध्ये छापलेली एक चाचणी, मुख्यतः बळावलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरवरची, सात रुग्णांवरच थांबवावी लागली. त्यातले दोघं औषध सुरू झाल्यापासून आठवड्याभरातच दगावले होते. आणि आपल्या भागाला सगळ्यात जवळची चाचणी २०२२ ची, तोंड-घशाच्या कॅन्सरवरची. जेमतेम पन्नास रुग्ण. सिसप्लॅटिन हे किमोचं औषध आणि रेडिएशन यांच्या जोडीला काहींना डीसीए, काहींना तसंच दिसणारं निष्क्रिय औषध. गाठ पूर्ण विरघळल्याचं प्रमाण डीसीएवाल्यांत जास्त दिसलं, पण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही.

फिरणाऱ्या मजकुरात यातलं फक्त २००७ चं वाक्य असतं. पुढची पंधरा वर्षं त्यातून गायब.

आता दडपल्याच्या आरोपाकडे येतो, कारण त्यात एक सच्चा कण आहे आणि तो डॉक्टर मंडळींनी उडवून लावू नये. नव्या कॅन्सरच्या औषधाची शेवटच्या टप्प्यापर्यंत चाचणी घ्यायची तर शेकडो रुग्ण, अनेक वर्षं आणि भरपूर पैसा लागतो. तो पैसा कंपनी घालते ती पुढे मक्तेदारीतून वसूल होईल या हिशेबानं. पोत्यानं मिळणाऱ्या जुन्या रसायनावर ती वसुली होणार नाही, म्हणून कंपनी त्याकडे फिरकत नाही. हे उघड सत्य आहे. मिकेलाकिस यांनाही पहिल्या रुग्णांसाठी लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला. पण कुणी लपवणं आणि कुणी न विचारणं, यात फरक नाही का? वर सांगितलेला प्रत्येक निकाल छापून आलेला आहे. ज्याला दडपलं जातं त्याचे शोधनिबंध निघत नाहीत. आणि बिनपेटंटचं औषध पुढे येऊच दिलं जात नाही म्हणावं, तर सोमलाचं काय? आर्सेनिक ट्रायऑक्साइड, आपल्याकडे खुनाच्या गोष्टींत येणारं जहाल विष. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात ते एका विशिष्ट रक्ताच्या कॅन्सरवर वापरून पाहिलं, पुढे इतरांनी नीट चाचण्या घेतल्या, २००० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि आज तो कॅन्सर बऱ्या होणाऱ्या आजारांत मोजला जातो. आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं एकट्या आर्सेनिकवर रुग्ण बरे करून २००६ मध्ये निकाल छापले. त्यांना ते आपल्या रुग्णांना परवडेल अशा खर्चात हवं होतं, म्हणून त्यांनी ते केलं. विष असो की व्हिनेगरचा चुलतभाऊ, कुणीतरी वालीपण घेतलं की रसायन पुढे जातं. डीसीएला असा वाली फार थोडा वेळ, तोही तुटपुंज्या पैशांनिशी मिळाला.

दुसरा मुद्दा त्याहून जड आहे आणि तो माझ्या विद्यार्थ्यानंच मांडला. "सर, बाबा तसेही जाणारच आहेत, तर गमवायचं काय आहे?" मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही नियम शिकवणारे कोण, हा प्रश्न मला आजही बोचतो. हातातली शेवटची काडी सोडायला सांगणं सोपं नसतं, आणि जे सहज सांगतात त्यांच्या घरात तशी वेळ आलेली नसावी. तरीही गमवायचं काय, याचं उत्तर आहे, आणि ते बरंच लांबलचक आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या एका आनुवंशिक आजारावरची डीसीएची चाचणी २००६ मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण रुग्णांच्या हातापायांच्या नसा बधिर होत गेल्या. संत्र्याची तोडणी, कापसाची वेचणी, गाईची धार या कामांतला माणूस बोटांची जाणीव हरवून बसला तर उरलेले महिने कसे जातील? शर्टाचं बटणही दुसऱ्यानं लावून द्यायचं. शिवाय या रसायनाची एक खोड आहे. शरीरातलं जे विकर त्याला मोडतं, त्यालाच ते निकामी करत जातं. पहिल्या दिवशी तासाभरात निम्मं होणारं डीसीए काही दिवसांनी रक्तात कितीतरी जास्त वेळ रेंगाळतं. त्या विकराचा जनुकही माणसागणिक वेगळा. काहींचं शरीर ते पटकन काढून टाकतं, काहींच्यात ते साचतं. म्हणून अलीकडच्या चाचण्यांत आधी जनुक तपासून मग मात्रा ठरवण्याचा विचार आला. इतवारीतला काटा कितीही तंतोतंत असो, तो पूड मोजतो. रक्तात किती साचलं, ते त्याला कसं कळणार? आणि सगळ्यात मोठं नुकसान पुडीच्या बाहेरचं आहे. फाइल चाळताना मला दिसलं, की रेडिएशनची तारीख या मुलानं तीन आठवडे पुढे ढकलली होती. "आधी याचा गुण येतो का पाहू म्हटलं." त्याच्या वडिलांच्या गाठीवर खात्रीनं चालणारं जे एक शस्त्र होतं, ते त्यानं ज्याची खात्री नाही त्यासाठी थांबवून ठेवलं होतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत जर्दाळूच्या बियांपासून काढलेल्या लेट्रिलचं असंच वेड पसरलं होतं. तेव्हाही सरकार आणि कंपन्या औषध दाबताहेत असाच ओरडा होता. अखेर सरकारी खर्चानं १७८ रुग्णांवर ते तपासलं गेलं; १९८२ मध्ये निकाल आला. कुणी बरं झालं नव्हतं, आणि काहींच्या रक्तात सायनाइड विषबाधेच्या पातळीजवळ गेलं होतं. तो वाद चाचणीनं जेवढा शमवला, तेवढा बंदीनं किंवा टिंगलीनं शमला नव्हता. डॉक्टर मंडळींनी हेही लक्षात ठेवावं.

कारण माझी तक्रार त्यांच्याविषयीही आहे. "विषयच नको" हे वैज्ञानिक उत्तर नव्हे. रोग्याच्या मुलानं ओपीडीत दबकत डीसीएचं नाव काढलं आणि समोरून झिडकारणं मिळालं, की तो मुलगा पुढच्या वेळी नाव काढत नाही. गुपचूप पुडी देत राहतो. मग नसा बधिर झाल्या तर डॉक्टर किमोला दोष देणार आणि खरं कारण कुणालाच कळणार नाही. या मुलानंही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मिळालेलं उत्तर ऐकून त्याची हिंमतच झाली नाही. अर्थात डॉक्टरांकडे याहून भक्कम मुद्दा आहे, तो मी मनापासून मान्य करतो. ते म्हणतात, पैसा मोजका आहे, तर तो कशावर घालायचा? रेडिएशनची यंत्रं अपुरी, तारखा लांबलचक. गुटखाबंदी २०१२ पासून असूनही प्रत्येक चौकात पानठेला आणि प्रत्येक ठेल्यावर पन्नीत घोटून दिलेला खर्रा. हे सोडून एका डळमळीत रसायनामागे धावायचं? बिनतोड वाटतो हा युक्तिवाद. पण त्यात एक गृहीतक दडलं आहे, की चाचणी म्हणजे सुखवस्तू देशांची चैन. आपल्याच देशाचा अनुभव वेगळं सांगतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटानं दहा-अकरा वर्षं एक प्रश्न धरून ठेवला: स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढण्यापूर्वी तिच्याभोवती दंतवैद्य वापरतात तसलं भुलीचं औषध, लिडोकेन, टोचलं तर? देशातल्या अकरा केंद्रांत सोळाशेच्या आसपास स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. निकाल २०२३ मध्ये छापून आला. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आत. कोणती कंपनी हा प्रश्न विचारायला पैसे देणार होती? त्याच संस्थेतल्या दुसऱ्या गटानं बळावलेल्या तोंड-घशाच्या कॅन्सरवर मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या दोन जुन्या, स्वस्त गोळ्यांची सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या सिसप्लॅटिनशी ४२२ रुग्णांवर तुलना केली. २०२० चा निकाल: गोळ्यावाल्यांचं मध्यम आयुर्मान साडेसात महिने, सलाइनवाल्यांचं ६.१ महिने. दीड महिन्याचा फरक ऐकायला किरकोळ वाटेल. पण गडचिरोलीहून एसटीनं येणाऱ्या माणसाला सलाइनसाठीच्या खेपा वाचवून हे मिळतं, तेव्हा तो किरकोळ राहत नाही. आणखी मागे जायचं तर १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेली क्षयरोगाची चाचणी आहे. क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्येच ठेवलं पाहिजे, ही तेव्हाची जगमान्य समजूत. मद्रासच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत गोळ्या घरी देऊन पाहिल्या आणि गुण जवळपास तितकाच आला, घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. तेही सार्वजनिक पैशातून. जगभरची सॅनिटोरियमं रिकामी होण्यात त्या चाचणीचा मोठा वाटा आहे.

आणि कोरोनातला २०२१ चा एप्रिल आपण इतक्यात विसरलो? रेमडेसिविरच्या एका कुपीसाठी या शहरानं काय काय केलं ते आठवा. दागिने गहाण पडले, काळ्या बाजारात हजारो रुपये मोजले गेले. त्या आधीच, २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीनं सांगितलं होतं, की या औषधानं मृत्यू फारसे कमी होत नाहीत. ज्यानं ते खरोखर कमी झाले, व्हेंटिलेटरवरच्यांचे सुमारे एक तृतीयांशानं, ते डेक्सामेथासोन. पानाच्या विड्यापेक्षा स्वस्त गोळी. ते कळलं ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत झालेल्या सार्वजनिक चाचणीमुळे; तिचा हा निकाल जून २०२० मध्ये आला. चाचणी नसती तर आपण महागालाच गुणकारी समजत राहिलो असतो. त्या दिवसांत रांगेत उभा राहिलेला मीही होतो, म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

एका आक्षेपाला मात्र मी सहजासहजी उत्तर देऊ शकत नाही. चाचणी म्हणजे गरिबांवर प्रयोग, हा तो आक्षेप. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरोधी लसीच्या प्रकल्पात कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननीच सह्या केल्या होत्या. लस चांगलीच आहे, पण संमती खोटी होती. विदर्भातल्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपलेल्या माणसासमोर कागद सरकवला, तर तो अंगठा देईल. डॉक्टरसाहेब म्हणतात म्हणजे बरंच असेल, एवढंच त्याचं वाचन. २०१९ च्या नियमांत चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई आहे. नियम कागदावर असतात, हेही मला कळतं. पण याच विदर्भात उलट दाखलाही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, ४७ गावांशी तुलना केली आणि बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचं १९९९ मध्ये जगाला दाखवलं. लोकांनाच विचारून, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच प्रश्नावर केलेलं काम. गरिबांना प्रयोगाचं जनावर केलं जाऊ नये, हे खरं. पण मग गरिबांच्या आजारावर कुणी प्रश्नच विचारू नये, हा त्याचा अर्थ होतो का? आणि नऊ गुलाबी पुड्या हाही प्रयोगच नाही का? त्यात नोंद नाही, देखरेख नाही, भरपाई नाही आणि निकाल कुणालाच कळणार नाही, एवढाच फरक.

नागपुरात हे होऊ शकतं म्हणून मी बोलतो आहे. 'मेडिकल' म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे, राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. छिंदवाड्यापासून चंद्रपूरपर्यंतचे रुग्ण इथे येतात, आणि खर्ऱ्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण दुर्दैवानं कधीच कमी पडत नाहीत. पन्नास रुग्णांवर जे धूसर दिसलं, ते स्पष्ट करायला याहून योग्य जागा कुठली? सगळ्यांनी मिळून, रेडिएशनच्या जोडीला, जनुक तपासून, नसांची दर आठवड्याला तपासणी ठेवून एकच चाचणी घ्यावी. माझा अंदाज विचाराल तर एकटं डीसीए काहीही करणार नाही आणि रेडिएशनच्या जोडीलाही निराशाच पदरी पडण्याची शक्यता जास्त आहे. तसं झालं तरी तो निकाल मराठीत, मोठ्या अक्षरात, प्रत्येक ओपीडीच्या भिंतीवर लावता येईल. मग मजकूर फिरवणाऱ्याला दाखवायला आपल्याकडे आपल्याच माणसांचं उत्तर असेल.

त्या रविवारी पूड तपासून द्यायला मी नकार दिला. शुद्ध निघाली असती तर त्यानं ती दिली असती, हे मला दिसत होतं. दोन तास बसवून घेतलं, वर लिहिलं ते सगळं सांगितलं आणि सोमवारी त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या सोबत रेडिएशन विभागात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी पुड्यांची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली, वडिलांना डोळे मिटायला लावून पायाच्या अंगठ्याला कापूस लावला आणि कळतंय का विचारलं. कळत होतं. तारीख त्याच आठवड्यातली मिळाली.

परतताना त्यानं मेडिकल चौकात गाडी थांबवली. "सर, तुम्ही म्हणता तशी चाचणी इथे सुरू असती, तर बाबाले त्यात नाव घालायला सांगितलं असतं का तुम्ही?" हो म्हणालो. सांगितलं असतं, पण आधी तो कागद मी त्यांना मराठीत वाचून दाखवला असता. निम्म्या लोकांना खरं औषध मिळणार नाही, रेडिएशन मात्र कुणाचंही चुकणार नाही, बोटं बधिर झाली तर औषध बंद करून उपचार फुकट होतील, आणि कोणत्याही दिवशी 'मला नको' म्हणून उठून जाता येईल, एवढं त्यात लिहिलेलं आहे की नाही, ते पाहिलं असतं. आणि सही त्यांनी स्वतः, चष्मा लावून केली असती.